मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमके किती आणि वेळ नेमका किती?

शाहूपुरीकर
येत्या मे महिन्यात आई-वडिलांना धाकट्या बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचे घाटत आहे. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, वडिलांच्या गुडघ्यांची तक्रार जुनी आहे आणि दोघांपैकी कोणीही यापूर्वी देशाबाहेर गेलेले नाही. तिकिटे काढण्यापूर्वी प्रवास किती लांबीचा आणि किती तासांचा, एवढी साधी माहिती काढायला बसलो आणि पुरता चक्रावलो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर एका संकेतस्थळावर १३,५०० दाखवतात, दुसऱ्यावर ७,३००, आणि ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या कागदावरच्या दोन टप्प्यांची बेरीज १५,००० च्या घरात जाते. वेळेचेही तेच. संकेतस्थळ पंधरा तास म्हणते, एजंट बावीस तास सांगतो, आणि बहिणीच्या ओळखीतले एक कुटुंब म्हणे घरातून निघाल्यापासून दोन दिवसांनी पोहोचले. विमान ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जात असेल, तर अंतराला वेगाने भागले की वेळ निघायला हवा. तो का निघत नाही, हे जाणकारांनी उलगडून सांगावे. कोल्हापूरहून निघणाऱ्या वयस्क माणसांनी कोणता मार्ग धरावा, याबद्दलही सल्ला मिळाला तर उपकार होतील.

रंकाळाकाठ
कोल्हापूर ते मुंबई या टप्प्याला किती वेळ लागेल हे आजवर कोणालाही आधी सांगता आलेले नाही, तेव्हा पुढच्या १३,५०० किलोमीटरची एवढी चिंता करू नये. सातारा रस्त्याचे सहापदरीकरण चालू आहे, एवढेच नोंदवतो आणि जाणकारांची वाट पाहतो.

गणिताचा_नाद
तीनही आकडे बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ उत्तर आणि रेखांश ७२.८७ पूर्व आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश ३७.६२ उत्तर आणि रेखांश १२२.३८ पश्चिम. दोन्ही रेखांशांची बेरीज १९५.२५ अंश भरते, म्हणजे पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घातला तर फरक १६४.७५ अंशांचा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.१९९६ येतो. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार उणे ०.७२२२ येतो. दोहोंची बेरीज उणे ०.५२२६, आणि ज्याचा कोसाइन एवढा असतो तो कोन सुमारे १२१.५ अंशांचा. पृथ्वीच्या केंद्राशी एक अंश म्हणजे पृष्ठभागावर सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर झाले साधारण १३,५१० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे बारकाईने केलेल्या हिशेबात थोडा फरक पडतो, पण तिकीट काढणाऱ्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

हेच अंतर आपल्या ओळखीच्या मैलांत सुमारे ८,४०० होते. विमानवाहतुकीत मात्र १.८५२ किलोमीटरचा सागरी मैल वापरतात आणि त्या मापाने ते ७,३०० च्या जवळपास भरते. दुसऱ्या संकेतस्थळाने एकक लिहिले नसावे किंवा आपण ते पाहिले नसावे. एजंटच्या कागदावरचे १५,००० हे दुबईवरून जाण्याचे अंतर असावे असा माझा अंदाज आहे, कारण मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४० किलोमीटर आहे.

मंगळवारपेठ
गणित मान्य, पण एक शंका आहे. शाळेतला जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर मुंबईहून अमेरिकेला जायचे म्हणजे अरबस्तान, युरोप आणि मग अटलांटिक महासागर ओलांडायचा. सॅन फ्रान्सिस्को तर अमेरिकेच्याही पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. मग पूर्वेकडून मोजलेले अंतर कमी कसे? नकाशावर तर पूर्वेला जपानच्या पुढे सगळा कागद संपतो.

भूगोलमास्तर
कागद संपतो, पृथ्वी संपत नाही. भिंतीवरच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवलेला असतो आणि त्यामुळे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. त्या नकाशावर पट्टीने ओढलेली सरळ रेघ गोलावर सरळ नसते.

मी वर्गात पृथ्वीगोल टेबलावर ठेवतो आणि शिवणाचा दोरा मुलांच्या हाती देतो. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरायचे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा सैल असतो तेव्हा तो आपला युरोपवरून अटलांटिकवर पडलेला असतो. मग हळूहळू ताणायला सांगतो. दोरा गोलावरून वर सरकू लागतो, नॉर्वेच्या वर जातो, मधल्या पितळी आसाच्या खिळ्याला अडतो, आणि कोणीतरी नखाने तो खिळ्यावरून पलीकडे सोडला की पूर्वेच्या बाजूला ताठ बसतो. त्यानंतर दोऱ्याखाली कोणकोणते देश आले ते मुलांनी वहीत लिहायचे.

ती यादी अशी होते : मुंबईहून निघून जयपूरच्या जवळून लडाख, काराकोरम, चीनचा शिनच्यांग प्रांत, अल्ताई पर्वत, सैबेरिया, मग आर्क्टिक महासागर, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि सॅन फ्रान्सिस्को. या मार्गाचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू सुमारे ७७ अंश अक्षांशावर येतो. मुंबईहून निघताना दिशा जवळजवळ उत्तरेची, पूर्वेकडे जेमतेम चौदा अंश झुकलेली असते. गोलावरच्या अशा सर्वांत जवळच्या वाटेलाच बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात.

जाता जाता, दिल्ली या रेषेच्या इतकी जवळ आहे की मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को यांची बेरीज थेट अंतरापेक्षा पाच-पंचवीस किलोमीटरनेच जास्त भरते. दिल्लीला उतरावे लागते म्हणजे वळसा पडतो, हा समज अंतरापुरता तरी चुकीचा आहे.

निवृत्त_नियंत्रक
मास्तरांनी दोरा उत्तम ताणला. पण त्या दोऱ्यावरून प्रवासी विमान जवळजवळ कधीच जात नाही, आणि शाहूपुरीकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण काराकोरम आणि तिबेटच्या पठाराची. विमानातील हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारणपणे बारा ते पंधरा मिनिटे पुरेल एवढाच असतो. दहा हजार फूट म्हणजे सुमारे ३,०५० मीटर, आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. खाली यायचे म्हटले तर खाली जमीनच आहे. त्यामुळे प्राणवायूची जादा सोय आणि सुटकेचे आखलेले मार्ग असल्याशिवाय त्या भागावरून उड्डाण करत नाहीत.

दुसरी अडचण देशोदेशींच्या आकाशाची. रशियाने फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय संघातील देशांच्या आणि नंतर अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले; भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरले आणि प्रवाशांना नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आकाश बंद केले, त्याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना अधिक बसला. त्याच वर्षी जून महिन्यात कतार आणि शेजारच्या काही आखाती देशांनी आपले आकाश काही तासांसाठी बंद केले होते. नकाशावरची रेषा तीच राहते, मार्ग आठवड्यागणिक बदलतो.

तिसरी गोष्ट, दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेवर नेहमी आवाक्यात ठेवावा लागतो. १९८५ मध्ये ही मुदत १२० मिनिटांपर्यंत वाढवली गेली. आज काही विमानांना ती ३३० मिनिटांपर्यंत मिळते. ध्रुवाजवळून जाताना आणखी एक काळजी असते. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसला गोठू लागते, त्यामुळे वैमानिक इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवून असतो आणि गरज पडली तर खाली उतरून थोड्या उबदार हवेत येतो किंवा वेग वाढवतो.

एवढ्या सगळ्यातून वाट काढत प्रत्यक्ष उडालेले अंतर थेट अंतरापेक्षा काही टक्क्यांनी तरी वाढतेच.

मंगळवारपेठ
म्हणजे ज्या अंतराचा हिशेब आपण एवढा बारकाईने केला, ते अंतर कोणीच कापत नाही?

निवृत्त_नियंत्रक
तो मार्गाचा किमान आकडा आहे. त्याहून कमी होणार नाही, एवढी खात्री तो देतो.

बे_एरियातील_करवीरकर
मी मूळचा राजारामपुरीचा, गेली बरीच वर्षे सॅन होजेजवळ राहतो. आमच्याकडील प्रत्येक जाणकार मंडळात हा प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी मंडळी अंतरावर वाद घालतात, वाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात काही ठिकाणी तो तीनशेच्याही वर जातो. भारतातून सॅन फ्रान्सिस्कोला थेट येणारी विमाने अनेकदा थेट रेषा सोडून खाली, पूर्व आशिया आणि प्रशांत महासागरावरून येतात ती याच वाऱ्याच्या पाठबळासाठी. अंतर वाढते, वेळ कमी लागतो. परतीला तोच वारा समोरून येतो, म्हणून मार्ग पुष्कळ वर, ध्रुवाकडे सरकवतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू हे पहिले थेट उड्डाण केले तेव्हा कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील सर्व महिला वैमानिकांच्या चमूने ते उत्तर ध्रुवावरून नेले होते. त्या दोन शहरांमधील थेट अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे आणि प्रवासाला सतरा तासांच्या आसपास वेळ लागला.

आमच्या घरचे ज्येष्ठ आले तेव्हा जाताना आणि येताना लागलेल्या वेळेत एवढा फरक कसा, म्हणून विमान कंपनीला तक्रार करायला निघाले होते. लंडनला गेलेल्यांनाही हा अनुभव असेल : मुंबईहून लंडनला जायला लागतो त्यापेक्षा परत यायला जवळपास तासभर कमी लागतो.

खासबाग
थोडक्यात, लेकीकडे जाणाऱ्याला वारा पाठीवर आणि परतणाऱ्याला तोंडावर. निसर्गसुद्धा आई-वडिलांना सांगतो आहे की आलात तसे राहा चार दिवस.

गणिताचा_नाद
वाऱ्याचा परिणाम आकड्यांत मांडतो, कारण शाहूपुरीकरांचा भागाकार इथेच फसतो. विमानाचा नऊशेचा वेग हा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. १३,५०० किलोमीटरला ९०० ने भागले की बरोबर पंधरा तास येतात. संकेतस्थळाने हेच केले आहे. सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि वेळ पंधरा तास त्रेपन्न मिनिटे. तोच वारा पाठीशी असेल तर चौदा तास तेरा मिनिटे. म्हणजे फक्त पन्नासच्या वाऱ्याने जाण्यायेण्यात एक तास चाळीस मिनिटांचा फरक पडला, आणि यात वळसा, चढण, उतरण काहीच धरलेले नाही.

निवृत्त_नियंत्रक
त्यात आणखी भर. वेळापत्रकावरचा वेळ हा चाके जमिनीवरून उचलल्यापासूनचा नसतो. विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून ते दुसऱ्या गेटवर उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीपर्यंत जाण्यातच वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, कारण तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच वापर होतो. शिवाय कंपन्या विमान वेळेवर पोहोचल्याची नोंद व्हावी म्हणून वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचते त्यातला काही भाग वैमानिकाच्या कौशल्याचा आणि बराच भाग या सैल जागेचा असतो.

कागलकर
मला वेगळेच म्हणायचे आहे. सत्तरीतल्या माणसांना सोळा तास एका जागी कोंबून बसवणे ही शिक्षा आहे, मग ते विमान कितीही सरळ रेषेत जावो. थेट विमान हा तरुणांचा आणि कामासाठी जाणाऱ्यांचा हट्ट आहे. मध्ये आखातात किंवा युरोपात तीन-चार तास उतरावे, हातपाय मोकळे करावेत, गरम काहीतरी घ्यावे आणि पुढे निघावे. फ्रँकफर्टवरून गेले तर ६,५७० आणि ९,१५० असे दोन टप्पे होतात, बेरीज पंधरा हजार सातशेच्या आसपास. अंतर दोन हजारांनी वाढले तरी एकही टप्पा बारा तासांच्या वर जात नाही. सिंगापूरवरून मात्र जाऊ नये. बेरीज साडेसतरा हजारांवर जाते आणि दुसरा टप्पा पुन्हा साडेतेरा हजारांचाच राहतो.

सिस्टर_कसबा_बावडा
कागलकर, आपले म्हणणे निम्मे पटते. मी रुग्णसेवेत आयुष्य काढले आहे. दीर्घ काळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका असतो आणि चार तासांहून लांब प्रवासात तो वाढतो हे खरे. पण दुबईवरून गेल्यास दुसरा टप्पा सोळा तासांचा आहेच. तिथे उतरून सोळा तासांचे बसणे टळत नाही, उलट त्याआधी तीन तासांची भर पडते. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रास होतो तो बसण्याइतकाच परक्या विमानतळावरच्या चालण्याचा, सुरक्षातपासणीच्या रांगेत उभे राहण्याचा आणि रात्री अडीच वाजता गेट शोधण्याचा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती सेवा विनामूल्य असते. जागा मधल्या वाटेला लागून घ्यावी, दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी, पाणी पीत राहावे, आणि पायमोजे किंवा रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावीत. मधुमेह असेल तर इंजेक्शनच्या वेळा भारतीय घड्याळाने चालवायच्या की तिकडच्या, हे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

शाहूपुरीकर
सर्वांचे आभार. घड्याळाचा विषय निघाला म्हणून आमच्या घरातला ताजा वाद सांगतो. एजंटने दिलेल्या कागदावर मुंबईहून सुटण्याची वेळ पहाटे साडेचार आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला दुपारी पावणेदोन अशी आहे. वडिलांनी बोटांवर मोजून सव्वानऊ तास काढले आणि जाहीर केले की महालक्ष्मी एक्सप्रेसपेक्षा हे लवकर पोहोचवतात. आई म्हणते, एजंट फसवतो आहे.

भूगोलमास्तर
वडिलांची वजाबाकी बिनचूक आहे, पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. मे महिन्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली उन्हाळी वेळ संपते आणि फरक साडेतेरा तासांचा होतो. सव्वानऊमध्ये साडेबारा मिळवा : पावणेबावीस तास. एजंटचे बावीस आले, मध्ये विमान बदलण्याचा वेळ धरून.

परतीला याच्या उलट होते. सोमवारी दुपारी चार वाजता तिथून निघाले, तर त्या क्षणी कोल्हापुरात मंगळवारी पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्यात बावीस तास मिळवले की बुधवारी मध्यरात्रीनंतर अडीच वाजता मुंबई. न्यायला जाणाऱ्याने तारीख नीट पाहावी. सोमवारी निघाले म्हणून मंगळवारी दुपारीच गाडी घेऊन सहार विमानतळावर जाऊन बसलेले नातेवाईक मला ठाऊक आहेत.

मंगळवारपेठ
थोडे विषयांतर, पण याच अनुषंगाने : मग दोन विमानतळांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर असू शकते?

गणिताचा_नाद
पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणून कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये २०,००० पेक्षा फार जास्त अंतर असूच शकत नाही; त्यापुढे गेलात की दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागता. सध्या नियमित सेवेत सर्वांत लांबचा पल्ला सिंगापूर-न्यूयॉर्क हा मानतात, सुमारे १५,३५० किलोमीटर आणि साडेअठरा तासांच्या वर. विमानांची क्षमता मात्र यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर हे विमान हाँगकाँगहून उलट्या वाटेने, प्रशांत महासागर आणि अमेरिका ओलांडून लंडनला नेण्यात आले : २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे, मध्ये कुठेही न उतरता. त्यात जेमतेम पस्तीस माणसे होती. भरल्या विमानाने हे जमत नाही, कारण लांबच्या प्रवासात इंधनाचा काही भाग केवळ उरलेले इंधन वाहून नेण्यातच जळतो.

भूगोलमास्तर
आणि कोल्हापूरच्या बरोबर पायाखालचा बिंदू दक्षिण प्रशांत महासागरात येतो, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजार-बाराशे किलोमीटरवर.

खासबाग
तिथे तांबडा-पांढरा मिळत नसणार, तेव्हा जाण्याचे प्रयोजन नाही. धागा पुढे चालू द्या.

उजळाईवाडी_शेजारी
एवढ्या चर्चेत पहिला टप्पा मात्र रंकाळाकाठ यांच्या विनोदावरच राहिला, म्हणून लिहितो. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर जेमतेम ३१० किलोमीटर आहे. महामार्गाने ते पावणेचारशेच्या आसपास होते. रेल्वे मिरज, पुण्याला वळसा घालून जात असल्यामुळे पाचशेच्या वर जाते आणि रात्र त्यात संपते. विमान तासाभरात पोहोचवते. त्यामुळे सकाळी इथून विमानाने जाऊ, दुपारी मुंबईत आराम करू आणि रात्री पुढचे विमान धरू, असा मोह सर्वांना होतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावशींनी नेमके हेच केले. इथले विमान एका कंपनीचे, पुढचे दुसऱ्या कंपनीचे, तिकिटे स्वतंत्र. सकाळी धुके होते. विमान आधी दोन तास उशिरा असल्याचे सांगितले, मग तीन, आणि अकरा वाजता रद्द झाल्याचा संदेश आला. तिथून भाड्याची गाडी केली, वाटेत दोन ठिकाणी कामामुळे वाहतूक एकेरी, आणि मुंबईत पोहोचेपर्यंत काउंटर बंद झाले होते. इथल्या कंपनीने कोल्हापूरच्या तिकिटाचे पैसे तत्परतेने परत केले. पुढचे दीड लाखाचे तिकीट त्यांच्या जबाबदारीत येत नव्हते. कायद्याने ते बरोबरच होते.

दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर असतील तर पहिले चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते आणि सामानही थेट शेवटच्या गावापर्यंत जाते. स्वतंत्र तिकिटांवर मुंबईत सामान ताब्यात घ्यावे लागते, आणि आपले विमान टर्मिनल १ वर उतरले तर टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने जावे लागते. यासाठी आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम, हाच वयस्क माणसांसाठी सुरक्षित मार्ग आहे. बहिणीच्या ओळखीतल्या कुटुंबाचे दोन दिवस हे असेच झाले असणार.

रंकाळाकाठ
मुंबईचा हट्ट तरी कशाला? कोल्हापूरहून हैदराबादला विमान आहे, अंतर साडेचारशेच्या आत. हैदराबादला देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही एकाच छताखाली आहेत, टर्मिनल बदलण्याची भानगड नाही. तिथून दुबई साधारण अडीच हजार किलोमीटर. एकूण अंतर मुंबईपेक्षा सात-साडेसातशेने वाढते, म्हणजे जेट विमानाचा पाऊण तास. तो पाऊण तास खंबाटकी घाटात घालवण्यापेक्षा हवेत घालवलेला बरा.

बे_एरियातील_करवीरकर
कल्पना चांगली आहे, पण लहान विमान रद्द होण्याचा धोका तिथेही तोच राहतो. त्यामुळे हैदराबादलाही मुक्काम धरावा लागेल, आणि मुंबईत बहुतेकांचे कोणी ना कोणी नातेवाईक असतात.

आणखी एक, कागलकर आणि सिस्टर यांच्या वादात भर म्हणून. दुबईवरून जाणे म्हणजे मोठा वळसा असे वाटते, पण दुबई ५५ अंश पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे जवळजवळ समोरासमोर आहेत. थेट रेषा काढली तर ती उत्तर ध्रुवापासून सुमारे दोनशे किलोमीटरवरून जाते. मुंबईहून थेट अंतराच्या तुलनेत दुबईमार्गे वाढ अकरा टक्क्यांच्या आतच आहे. वेळ वाढतो तो अंतरामुळे नव्हे, मधल्या थांब्यामुळे. दीड तासाचा थांबा वयस्कांना धावपळीचा होतो आणि सात तासांचा असह्य. अडीच ते चार तास असेल असे तिकीट निवडावे. युरोपमार्गे जायचे असल्यास विमानतळाबाहेर न जाताही संक्रमण व्हिसा लागतो का, हे त्या त्या देशाच्या नियमांत आधी तपासावे. काउंटरवर कळून उपयोग नसतो.

कागलकर
दुबईचा दुसरा टप्पा सोळा तासांचा आहे हा सिस्टरांचा मुद्दा मान्य. फ्रँकफर्टबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

शाहूपुरीकर
सर्व प्रतिसाद आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. वडिलांना ध्रुवाजवळून जाण्याची कल्पना इतकी आवडली की त्यांनी खिडकीची जागा मागितली आहे. सिस्टरांचा सल्ला सांगितल्यावर आईने खिडकी घ्यायची, वडिलांनी वाटेकडची घ्यायची आणि अधूनमधून डोकवायचे असे ठरले. मार्ग मुंबई-दुबई-सॅन फ्रान्सिस्को असाच ठेवला आहे, सर्व एकाच पीएनआरवर, मधला थांबा तीन तासांचा, दोघांसाठी चाकाची खुर्ची मागितली आहे. कोल्हापूरहून आदल्या दिवशी सकाळी गाडीने निघून ठाण्याला मामांकडे थांबतील. एजंटचे बावीस तास विमानतळ ते विमानतळ होते. शाहूपुरीतल्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत हिशेब केला तर मुक्काम धरून बेचाळीस-पंचेचाळीस तास होतात.

सिस्टर_कसबा_बावडा
नियमित औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टंकलिखित घ्या आणि त्यावर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहून मागा, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव तिकडे ओळखत नाहीत.

निवृत्त_नियंत्रक
उड्डाणाच्या दिवशी विमान कुठे आहे हे दाखवणारी संकेतस्थळे आहेत. घरी बसून पाहता येईल. आर्क्टिकवर असताना विमानाची खूण मध्येच काही काळ दिसेनाशी झाली तर घाबरू नये. त्या भागात जमिनीवरचे संदेशग्राहक विरळ आहेत, कॅनडाच्या जवळ आल्यावर ती पुन्हा दिसू लागते.